टाकीची जाडी आणि माझी सही

एका साखर कारखान्याच्या चीफ इंजिनिअरने मला फसवलं. टाकीच्या प्लेटची जाडी मोजून मी जे आकडे दिले, ते त्याने काढून टाकले, त्यांच्या जागी स्वतःचे आकडे घातले आणि खाली माझी सही तशीच ठेवली. पुढे ती टाकी फुटली, एक माणूस भाजला आणि दोष त्या भाजलेल्या माणसावरच आला, कारण माझ्या सहीच्या कागदात टाकी ठणठणीत होती. ही दोन हंगामांपूर्वीची गोष्ट. कारखान्याचं नाव मी लिहीत नाही. ज्याला कळायचं, त्याला पहिल्या वाक्यातच कळलं असेल.

मी मूळचा जामखेडकडचा. दहावी झाल्यावर नगरच्या एमआयडीसीत एका फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये हेल्पर म्हणून लागलो. आधी ग्राइंडिंग, मग वेल्डिंग. एके दिवशी आम्ही बनवलेली टाकी तपासायला पुण्याहून एक जण आला. इस्त्रीचा शर्ट, हातात डब्याएवढं यंत्र. त्याने प्लेटवर जेल लावली, बोटाएवढा प्रोब टेकवला, आकडा वाचला, वहीत लिहिला. जेवायच्या सुट्टीआधी त्याचं काम संपलं आणि आमचा मालक त्याला गाडीपर्यंत सोडायला गेला. आम्ही तीन आठवडे घाम गाळून बनवलेली टाकी चांगली की वाईट, हे तो तीन तासांत सांगून गेला. मी त्याच दिवशी ठरवलं, हे काम शिकायचं.

शिकलो. पुण्याला जाऊन कोर्स केला, परीक्षा दिली, सर्टिफिकेट घेतलं. यंत्र घेतलं ते चाकणच्या एका बंद पडणाऱ्या कंपनीकडून, जुनं. त्या सौद्यात मी तीनदा उठून दारापर्यंत गेलो आणि तीनदा त्यांनी मला परत बोलावलं. घासाघीस माझ्या रक्तातच आहे. समोरचा पहिला आकडा बोलला की माझं डोकं आपोआप त्याच्या निम्म्यावर जातं. तापटही आहे, हे माझी बायकोच काय, शेजारीसुद्धा सांगतील.

काम सोपं वाटतं. प्रोब लोखंडात आवाज सोडतो, आपल्या कानाला न ऐकू येणारा. तो प्लेटच्या पलीकडच्या अंगाला आपटून परत येतो. जायला-यायला किती वेळ लागला, त्यावरून यंत्र जाडी सांगतं. टाकी उघडायला नको, भोक पाडायला नको. बाहेर उभं राहून आतली झीज कळते. गिऱ्हाइकाला हे फार आवडतं, फक्त आकडा त्याच्या सोयीचा यायला हवा.

एक गोष्ट मात्र पाळावी लागते. जिथे मोजायचं, तिथला रंग खरवडून लोखंड उघडं करावं लागतं. रंगातून आवाज हळू जातो आणि माझ्या यंत्राला ते कळत नाही. सगळा प्रवास लोखंडातूनच झाला असं ते धरून चालतं. अर्धा मिलिमीटर रंग असला, तर यंत्र त्याला सव्वा मिलिमीटर लोखंड समजून मिळवतं. आता रंग वगळून मोजणारी यंत्रं निघाली आहेत, पण एकावर एक चढवलेले थर, मध्ये गंज, मध्ये हवा, अशा ठिकाणी मी त्यांच्यावरही भरवसा ठेवणार नाही.

आणि आपल्याकडच्या साखर कारखान्यांत रंग कसा लावतात, हे ज्याने पाहिलं त्याला सांगायला नको. हंगाम सुरू व्हायच्या आधी बॉयलर अग्निप्रदीपन असतं. मांडव पडतो, सत्यनारायण होतो, चेअरमन सपत्नीक पूजेला बसतात, पाहुणे येतात. त्याच्या आधी अख्ख्या कारखान्याला रंग लागतो. जुना रंग कोणी काढत नाही. गेल्या वर्षीच्या रंगावर या वर्षीचा, त्यावर पुढच्या वर्षीचा. काही टाक्यांना तर लोखंडापेक्षा रंगानेच धरून ठेवलेलं असतं.

त्या कारखान्यात मला गरम पाण्याची टाकी तपासायची होती. बॉयलरला जाणारं पाणी आधी या टाकीत वाफेने तापवतात. दोन मजले उंच, आठ मिलिमीटरची प्लेट, वीस-बावीस वर्षं वापरलेली. खरं तर हे काम उन्हाळ्यात, कारखाना बंद असताना व्हायला हवं होतं. नाही झालं, आणि त्यात माझाही हात होता. दरावरून मी दोन महिने फोनवर ताणून धरलं. शेवटी मला हवा होता तोच दर मी मिळवला आणि स्वतःवर खूश होऊन गाडी काढली. त्या दोन महिन्यांत रंगारी येऊन काम उरकून गेले होते.

गेलो तेव्हा सोहळा आठवड्यावर आला होता. टाकी चंदेरी रंगात चकाकत होती. टाकीखाली पंपांवर एक ऑपरेटर होता, काष्टीकडचा, पन्नाशी ओलांडलेला. सगळे त्याला मामा म्हणायचे, मीही म्हणालो. शिडी धरायला तोच आला.

जेलची बाटली पाहून तो हसला. "ह्ये तर आमच्या सुनंच्या सोनोग्राफीला लावलं हुतं डाक्टरनं. टाकीला बी दिवस गेल्यात का काय?"

"बघू या, पोटात काय आहे ते," मी म्हणालो.

"काय बी असूं द्या, तुमी सांगू नका. कायद्यानं गुन्हा हाय त्यो."

मी सहज म्हणून रंगावरच प्रोब टेकवला. यंत्राने नऊ दाखवले. आठची प्लेट, वीस वर्षं पाणी पिऊन नऊ झाली होती. मामाने डोकावून आकडा वाचला आणि म्हणाला, "लई झ्याक. आमी इथं राबून राबून चिपाड झालो आन् हिनं अंग धरलंय."

मी चीफ इंजिनिअरकडे गेलो. तेव्हा मी त्याला साहेब म्हणत असे.

"साहेब, एकशे वीस ठिकाणी रंग काढावा लागेल."

"शेठ, येत्या गुरुवारी पाहुणे येणार आहेत. टाकी देवीचे व्रण पडल्यासारखी दिसेल."

"मग मी काय रंग मोजू?"

"पुढच्या बाजूला हात लावायचा नाही. मागे भिंतीकडे करा काय ते, वीस ठिकाणी."

"वीसमध्ये काही कळत नाही. शंभर तरी द्या."

"पंचवीस."

"ऐंशी. त्याच्या खाली मी यंत्रच बाहेर काढत नाही."

"मग नका काढू. दुसरा माणूस राहुरीहून उद्या येईल, रंगावरून मोजेल आणि वर चहा पिऊन जाईल."

चाळीसवर जमलं. जमलं असं मी तेव्हा म्हटलं, कारण वीसचे चाळीस केल्याचा मला आनंद झाला होता. आज तो आठवला की स्वतःच्या कानाखाली मारावीशी वाटते. दरात घासाघीस करतात, मुदतीत करतात. कुठे मोजायचं आणि कुठे नाही, यात घासाघीस करायची नसते. मी केली. प्लेट कुठे झिजली आहे, हे लोखंडाला ठाऊक होतं. आम्ही दोघं टेबलावर बसून ते ठरवत होतो.

तरी नशिबाने साथ दिली. मागच्या बाजूला, खालच्या जोडाच्या वर, जिथे थंड पाण्याची लाइन टाकीत शिरते, तिथे मी ग्राइंडर मारला. लोखंड उघडं केलं, जेल लावली, प्रोब टेकवला. तीन पूर्णांक एक. यंत्र माहीत जाडीच्या ठोकळ्यावर पुन्हा तपासलं. बरोबर होतं. बाजूला घेतलं, दोन पूर्णांक नऊ. आणखी एक वीत सरकलो, दोन पूर्णांक सात. चौथ्या ठिकाणीही तीनच्या आतच. थंड पाण्याबरोबर हवा येते आणि ती तिथेच लोखंड खाते. खडूने गोल केले, आकडे लिहिले. मामा शिडीच्या पायथ्याशी उभा राहून वर बघत होता.

"किती हाय?"

"पावणेतीन."

"आन् पायजे किती?"

"सहाच्या खाली मला झोप येत नाही."

त्याने जोडाच्या बरोबर खाली जमिनीकडे बोट दाखवलं. मग म्हणाला, "माझी खुर्ची हितंच असती, ह्या जोडाखाली."

"खुर्ची हलवा. आणि प्लेट बदलल्याशिवाय टाकी भरू देऊ नका."

"म्या कोन न्हाई म्हननार? तुमी लिवून द्या."

मी लिहून देणारच होतो. केबिनमध्ये जाऊन चीफ इंजिनिअरला सांगितलं. त्याने आकडे नीट ऐकले, भुवया उंचावल्या, चहा मागवला. "आठ दिवस आहेत, वरून नव्या लोखंडाची पट्टी मारून घेतो," म्हणाला. मग म्हणाला, "शेठ, तुम्ही तक्ता व्हॉट्सअपवर पाठवा. आमचा क्लार्क आमच्या फॉरमॅटमध्ये भरेल. शेवटच्या पानावर सही-शिक्का आताच करून ठेवा. एवढ्यासाठी पुन्हा ऐंशी किलोमीटर कशाला येता?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मला राहात्याला दुसऱ्या कामावर हजर व्हायचं होतं. हेलपाटा वाचत होता. कांद्याच्या गोणीत कोपरापर्यंत हात घातल्याशिवाय भाव न बोलणारा मी, त्या पानावर सही करून मोकळा झालो. पानावर छापलेलं होतं की वरील सर्व मोजमापे मी स्वतः माझ्या यंत्राने घेतली आहेत. वर काहीच नव्हतं. वरची दोन पानं अजून छापायची होती.

तक्ता त्याच संध्याकाळी पाठवला. खाली लिहिलं की मागच्या बाजूची खालची प्लेट बदलल्याशिवाय टाकी वापरू नये. त्याने अंगठा दाखवला. तो अंगठा अजून माझ्या फोनमध्ये आहे.

सोहळ्याचं आमंत्रण आलं. गेलो. टॉवेल-टोपी देऊन माझा सत्कार केला. जेवणात बुंदी होती. हात धुवायला म्हणून मी टाकीच्या मागे गेलो. माझे खडूचे गोल दिसत नव्हते. सगळीकडे नवा चंदेरी रंग होता. मला वाटलं, पट्टी मारून वर रंग दिला असणार. पट्टी मारली असती तर तिच्या कडा रंगातूनही दिसल्या असत्या, हे मी, बारा वर्षं वेल्डिंग केलेला माणूस, पाहायला विसरलो. मांडवात परत येऊन चीफ इंजिनिअरला विचारलं.

"झालं का ते?"

"झालं सगळं. तुम्ही मठ्ठा घेतला का?"

मी मठ्ठा घेतला आणि नगरला आलो.

हंगाम सुरू होऊन तीन आठवडे झाले होते. दुपारच्या पाळीत टाकीचा खालचा जोड वीतभर फाटला. उकळायला आलेलं पाणी खाली आलं. मामाने खुर्ची हलवली होती, पण पंप बंद करायला त्याला तिथेच जावं लागायचं. पंप बंद केला म्हणून बाकीचे वाचले. त्याचे दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत भाजले.

मला बातमी कळली ती चौकशीला बोलावलं तेव्हा. समिती कारखान्याचीच होती, तीन अधिकारी आणि मध्ये चीफ इंजिनिअर. त्यांनी फाइल पुढे सरकवली. पहिल्या दोन पानांवर नेटका तक्ता होता. एकशे वीस ठिकाणं, सगळ्यात कमी आकडा सहा पूर्णांक चार. चाळीसऐवजी एकशे वीस! मी मागून मिळाली नव्हती ती ठिकाणं त्याने कागदावर फुकट दिली होती. तिसऱ्या पानावर माझी सही.

"सही तुमची आहे ना?" चीफ इंजिनिअरने विचारलं.

"सही माझी. आकडे माझे नाहीत."

"यंत्र तुमचं, शिक्का तुमचा, सही तुमची. मग आकडे काय आमच्या उसाच्या गव्हाणीतून आले?"

बाकीचे हसले. मी फोन काढून तक्ता दाखवला, अंगठा दाखवला. तो शांतपणे म्हणाला, "तो कच्चा तक्ता. नंतर तुम्हीच पक्का दिला. सहीचा तो पक्का. कच्च्यावर सही आहे का तुमची?"

यंत्राच्या मेमरीत तारखेसह आकडे आहेत, असं मी म्हणालो. त्यातलं घड्याळ कोणालाही मागेपुढे करता येतं, असं तो म्हणाला. तेही खरंच आहे.

मग त्यांनी निष्कर्ष वाचून दाखवला. टाकी तपासणीत सुस्थितीत आढळली होती, सबब ऑपरेटरने वाफेचा व्हॉल्व्ह प्रमाणाबाहेर उघडल्याने टाकीवर ताण आला. हे ऐकल्यावर मी टेबल ओलांडून त्याची कॉलर धरली. दोघांनी मला ओढून बाजूला केलं. झालं, त्यांना हवं होतं तेच मी दिलं. इतिवृत्तात आलं की तपासणी करणाऱ्याने प्रश्नांची समाधानकारक उत्तरं न देता अधिकाऱ्यावर हात टाकला. या एका ओळीनंतर माझ्या तक्त्याकडे कोण बघणार? डोकं थंड ठेवलं असतं तर निदान तक्त्याची प्रत इतिवृत्ताला जोडायला लावली असती. घासाघीस करणाऱ्या माणसाने सगळ्यात महत्त्वाच्या सौद्यात पहिल्यांदा हात उगारला.

सरकारी कार्यालयात अर्ज दिला आहे. पोच माझ्याकडे आहे, उत्तर नाही. जिल्ह्यातल्या कारखान्यांनी मला काम देणं बंद केलं. आता मी शाळांच्या आणि मंगल कार्यालयांच्या पाण्याच्या टाक्या तपासतो. चीफ इंजिनिअर दुसऱ्या कारखान्यात गेला, जास्त पगारावर.

मध्यंतरी काष्टीच्या बाजारात गेलो होतो. बाजाराच्या एका कडेला मामा पोत्यावर पाय लांब करून बसला होता. समोर दावी, कासरे, बैलांच्या वेसणी मांडलेल्या. नोकरी गेली, उभं राहवत नाही. मला बघून त्याने पोत्याची कडा झटकली.

"या. बसा. टाकी न्हाई हितं, भ्याव नगा."

मी बसलो. त्याला सगळं सांगितलं. चाळीस ठिकाणांची घासाघीस, न छापलेल्या पानांखालची सही, मांडवातला मठ्ठा, कॉलर. त्याने एका गिऱ्हाइकाला कासरा दाखवत दाखवत ते ऐकलं. गिऱ्हाईक गेल्यावर म्हणाला, "सही करायला नगं हुती तुमी."

"नको होती."

"म्या ईस वर्सं त्यो व्हॉल्व्ह फिरवला. डोळं झाकून फिरवला आस्ता तरी चुकला नस्ता. आता माजा सख्खा भाऊ इचारतो, दादा, तंबाकू मळत हुता का रं तवा? व्याही लोक इचारत्यात. ह्या पायाचं काय न्हाई, पाय म्हातारपनी जातातच. पन म्या व्हॉल्व्ह जास्त उघडला न्हाई, ह्ये कोन सांगंल?"

"मी सांगतो."

"तुमचं कोन ऐकतंय? तुमी त्याची गचांडी धरली. त्यानंच सांगाया पायजे."

त्याला एक दावं विकत मागितलं, नुसतंच उठून जायला नको म्हणून. त्याने भाव सांगितला. मी सवयीप्रमाणे निम्म्यावर आलो नाही, तेवढेच दिले. तो हसला, म्हणाला, "आजारी हायसा का?"

म्हणून हे लिहितो आहे. माझ्या वाट्याचं मी वर लिहिलं आहे आणि ते खाली माझ्या सहीने छापायला माझी तयारी आहे. यावेळी सगळी पानं वाचून सही करीन. पण ती दोन पानं मी छापली नाहीत. क्लार्कने स्वतःच्या मनाने छापली नाहीत. ज्याने माझा तक्ता वाचून अंगठा दाखवला, त्याला पावणेतीन हा आकडा माहीत होता आणि त्याच्या खाली रोज कोण बसतं तेही माहीत होतं. साहेब, तुम्ही जिथे कुठे असाल तिथे हे वाचाल. सहा पूर्णांक चार हा आकडा कोणाच्या यंत्रातून आला? वाफेचा व्हॉल्व्ह जास्त उघडला हे कोणी पाहिलं? मला उत्तर देऊ नका, मी तुमची कॉलर धरली आहे, माझा हिशेब वेगळा. काष्टीच्या बाजाराला या, त्या पोत्यासमोर उभे राहा आणि त्या माणसाच्या भावाच्या देखत सांगा, ती पानं कोणी बदलली.